‘फॉरमॅट मारायला किती वेळ लागेल?’ : दिवाळीनंतर सुरू न झालेल्या संगणकाचं प्रकरण

१६ नोव्हेंबर २०२३, गुरुवार. आदल्या दिवशी भाऊबीज झाली होती आणि मी दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं. पहिलाच फोन सांगलीतल्या एका करसल्लागारांचा. वयाने मोठे, मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी नमस्कारही केला नाही, एकदम विचारलं, “अरे, फॉरमॅट मारायला किती वेळ लागेल?”

आमच्या धंद्यात हा प्रश्न आला की ओळखावं, आधी कुणीतरी हात मारून झालाय. फॉरमॅटवर, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकण्यावर, लोक आपण होऊन येत नाहीत. त्यांना तिथपर्यंत कुणीतरी आणून सोडलेलं असतं.

इथे आणून सोडणारा होता काकांचा भाचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला. मुलगा हुशार. सकाळी दहाला ऑफिस उघडलं, मुख्य संगणक सुरू केला, विंडोजचं निळं चिन्ह आलं, ठिपके दोन-चार वेळा गोल फिरले आणि निळा पडदा. वर ते रडवं तोंड, खाली ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी विंडोज आपण होऊन दुरुस्तीच्या पडद्यावर गेलं, ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवून पाहिलं आणि जमलं नाही असं सांगून मोकळं झालं. मग भाच्याने मोबाइलवर उपाय शोधले आणि विंडोजची सुरुवात दुरुस्त करणाऱ्या ‘बूटरेक’च्या तीन आज्ञा ओळीने मारल्या: फिक्सएमबीआर, फिक्सबूट, रीबिल्डबीसीडी. तिसरीने उत्तर दिलं, ‘टोटल आयडेंटिफाइड विंडोज इन्स्टॉलेशन्स: ०’. त्यानंतर त्याने त्याच काळ्या खिडकीत सी ड्राइव्ह उघडून पाहिला. तो जवळजवळ रिकामा. “मामा, विंडोजही गेली आणि डेटाही गेला,” असं त्याने जाहीर केलं, आणि काकांनी मला फोन लावला.

सोमवारी २० तारीख होती. जीएसटीचं मासिक विवरणपत्र, थ्री-बी, भरायची शेवटची मुदत. सगळ्या पक्षकारांचा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला डेटा त्याच एका पेटीत. बॅकअप? “पेन ड्राइव्हवर घेतो की आम्ही,” काका म्हणाले. पेन ड्राइव्हवरची ताजी फाईल ऑगस्टची निघाली.

मी एवढंच सांगितलं, “आता कुणीही काहीही दाबू नका, संगणक आहे तसा राहू द्या, मी येतो.”

आता पेटीबद्दल. २०१३ साली जोडून घेतलेला संगणक, इंटेलचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा साधा मदरबोर्ड. जून २०१९ मध्ये त्यात दुसऱ्या एका कारागिराने २४० जीबीची एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, बसवली आणि विंडोज १० टाकली. त्याची पावती काकांनी फाइलला लावून ठेवली होती. करसल्लागारच ते, पावती टाकतील कशी! ही पावती पुढे उपयोगी पडली.

ऑफिसात पोचलो तर पेटीवर हळदीकुंकू, झेंडूची वाळलेली फुलं. रविवारी लक्ष्मीपूजनाला वह्यांबरोबर संगणकाचीही पूजा झाली होती. पुढच्या जाळीत अक्षतांचे दोन दाणे अडकलेले. ते पाहिल्यावर माझ्या डोक्यात एक कल्पना बसली, आणि तिने माझा तासभर खाल्ला. पूजेसाठी पेटी पुसली असणार, हलवली असणार, आतली, डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल सैल झाली असणार. डिस्क सापडत नाही असं विंडोज म्हणतंय, पेटी हलली आहे, केबल जुनी आहे. सगळं कसं चपखल जुळत होतं. मी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करून पेटी उघडली, केबल बदलली, पोर्ट बदलला, पाच-सात मिनिटांत पुन्हा वीज दिली. तेच रडवं तोंड. मग एसएसडीच्या वीजपुरवठ्याचं कनेक्टर बदललं. तेच. मग, खोटं कशाला सांगू, रॅम काढून रबराने पुसली. या तक्रारीशी रॅमचा तसा काही संबंध नव्हता, पण हाताला सवय असते आणि गिऱ्हाईक बघत उभं असतं.

तिथे मी थांबलो, खुर्चीवर बसलो आणि सकाळीच करायला हवा होता तो विचार केला: गाडी कुठल्या थांब्यापर्यंत आली आणि कुठे बंद पडली?

कारण ‘संगणक सुरू होत नाही’ ही एक तक्रार नाही, चार-पाच वेगवेगळ्या तक्रारींचं ते एकच नाव आहे. बटण दाबल्यावर आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधली सुरुवातीची आज्ञावली, जागी होते, रॅम वगैरे तपासते. मग ती डिस्कवरचा पहिला सेक्टर उचलते. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर हा पहिला तुकडा अवघ्या ५१२ बाइटचा असतो, आणि ही डिस्क त्याच पद्धतीची होती. तो तुकडा पुढे विंडोजच्या बूट मॅनेजरला उठवतो, बूट मॅनेजर आपल्या यादीत बघून विंडोज कुठे आहे ते शोधतो, तिचा लोडर गाभा, म्हणजे विंडोजचा मुख्य प्रोग्राम, आणि सुरुवातीचे ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारे छोटे प्रोग्राम, मेमरीत आणून ठेवतो आणि शेवटी कारभार गाभ्याच्या हाती देतो.

यात एक मेख आहे. लोडरपर्यंतचे सगळे टप्पे डिस्क वाचतात ते बायोसच्या हाताने. ‘मला अमुक सेक्टर दे’ म्हटलं की बायोस आणून देते. गाभा मात्र कारभार घेतला की बायोसला विचारत नाही. तो स्वतःच्या ड्रायव्हरने थेट डिस्कच्या कंट्रोलरशी, म्हणजे मदरबोर्डवर डिस्क हाताळणाऱ्या भागाशी, बोलायला जातो. म्हणजे डिस्क वाचणारे दोन वेगवेगळे लोक आहेत, आणि एकाला दिसलेली डिस्क दुसऱ्याला दिसेलच असं नाही.

आता पडद्याकडे बघा. विंडोजचं चिन्ह आलं होतं, ठिपके फिरले होते. रडव्या तोंडाचा निळा पडदा रंगवायला मुळात गाभाच चालू लागतो. म्हणजे पहिला सेक्टर ठीक, बूट मॅनेजर ठीक, त्याची यादी ठीक, लोडर ठीक. भाच्याने सकाळभर जे दुरुस्त केलं ते सगळं आधीपासूनच चालू होतं! फिक्सएमबीआर आणि फिक्सबूट या आज्ञा मागे पडलेल्या थांब्यांवरच्या. गाडी त्यांच्या पुढे निघून आली होती.

मग ते शून्य? त्या शून्यानेच भल्याभल्यांची फसगत होते. रीबिल्डबीसीडी डिस्कवर शोधतं ते यादीत *नसलेल्या* विंडोज. आपली विंडोज यादीत आधीच असेल तर नवीन सापडणार काय? शून्यच. उत्तर चांगलं होतं, वाचणाऱ्याला ते अशुभ वाटलं. सी ड्राइव्ह रिकामा दिसण्यामागेही असंच साधं कारण. दुरुस्तीच्या पडद्यात ड्राइव्हची अक्षरं नव्याने वाटली जातात. ‘सिस्टम रिझर्व्हड’ नावाचं छोटं पार्टिशन सी होऊन बसतं आणि खरा सी सरकून डी होतो. मी भाच्याला डी उघडायला लावलं. विंडोज, यूजर्स, टॅली, सगळं जागच्या जागी. पोराच्या चेहऱ्यावर रंग परत आला. काकांनी चहा सांगितला.

एक गोष्ट मात्र भाच्याचं नशीब म्हणायची. अनेक ठिकाणी त्या शून्यावर उपाय म्हणून जुनी यादीच नाव बदलून बाजूला टाका असं सांगितलेलं असतं. तो तिथपर्यंत पोचला नव्हता. पोचला असता तर चालू असलेला टप्पाही बिघडवून बसला असता आणि मग मला एकावर एक असे दोन आजार उलगडावे लागले असते.

डेटा दिसतोय म्हटल्यावर पुढचं कुठलंही काम करायच्या आधी तो बाहेर काढायचा, हा माझा नियम. यात मी गिऱ्हाइकाचं ऐकत नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, डिस्कला हातही न लावता चालणारं. एसएसडी लगेच दिसली. तिची ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढली. बदललेले सेक्टर शून्य, केबलच्या चुका मोजणारा आकडा शून्य. हा दुसरा आकडा मी केबल बदलण्याआधी बघायला हवा होता, तासभर वाचला असता. तो असतोच त्यासाठी: केबल सैल किंवा खराब असेल तर वाटेत बिघडलेल्या निरोपांची नोंद तिथे चढत जाते.

मग बाहेरची हार्ड डिस्क लावली, तिच्यावर ‘काका-बॅकअप’ नावाचा फोल्डर केला आणि टॅलीचा डेटा ओढायला सुरुवात केली. कॉपी चालू असताना बघत बसण्याशिवाय काम नसतं. बघता बघता त्या नव्या फोल्डरसमोरच्या तारखेवर नजर गेली.

१ जानेवारी २०१२.

संगणक स्वतः २०१३ चा. त्याच्या घड्याळात त्याच्या जन्माआधीची तारीख.

ऑफिसातल्या ऑपरेटर ताई बाजूलाच बसल्या होत्या. मी विचारलं, “ताई, सकाळी सुरू करताना विंडोजच्या आधी काही आलं होतं का पडद्यावर?”

“आलं होतं की. काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी. एफ-१ दाबा नाहीतर एफ-२ दाबा असं होतं. मी एफ-२ दाबलं.”

“मघाशी सांगितलं नाहीत?”

“तुम्ही विचारलंत काय बदललं म्हणून. मी कुठं काय बदललं?”

त्यांचं बरोबर होतं. चूक माझ्या प्रश्नाची. ‘काय बदललं?’ विचारलं की माणसाला आरोप केल्यासारखं वाटतं आणि उत्तर ‘काही नाही’ येतं. मी प्रश्न फिरवला, “दिवाळीच्या आधी हा संगणक काही त्रास देत होता का? अगदी बारीकसा?”

“त्रास काही नाही. फक्त घड्याळ मागं पडायचं. रोज सकाळी पाच-दहा मिनिटं. मी नीट करून घ्यायची.”

“किती दिवसांपासून?”

“गणपतीच्या आधीपासनं असेल.”

म्हणजे दोन महिने तो संगणक रोज सकाळी आपला आजार सांगत होता आणि ताई रोज सकाळी तो पुसून टाकत होत्या.

मदरबोर्डवर एक बटण सेल असतो, सीआर-२०३२. नावातच माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. ताण ३ व्होल्ट. मी मीटर लावला तर २.३ भरला. वीज नसताना दोन गोष्टी तो जिवंत ठेवतो: घड्याळ आणि बायोसच्या सेटिंगांची चिमूटभर मेमरी, जिला सगळे सीमॉस म्हणतात. ही जोडी जुनी आहे. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत सेटिंग म्हणजे बोर्डवरचे छोटे खटके असायचे, पेटी उघडून वर-खाली करायचे. १९८४ च्या एटी मॉडेलात मोटोरोलाची एक चिप आली, तिच्यात घड्याळ आणि ६४ बाइटची मेमरी एकत्र होती. १४ बाइट घड्याळाच्या कामाला आणि उरलेले ५० सेटिंगांना. तेव्हापासून दोघांचं नशीब एकाच सेलला बांधलेलं. नव्या बऱ्याच बोर्डांवर सेटिंगं फ्लॅश मेमरीत असतात, सेल संपला तरी ती टिकतात. या बोर्डावर तशी सोय नव्हती.

सेल थकला की आधी घड्याळ रेंगाळतं. आणखी थकला की मेमरीतला मजकूर पुसला जातो. मग सुरू होताना बायोस बेरीज जुळवून बघते, ती जुळत नाही, ‘सीमॉस चेकसम एरर’ असा निरोप येतो आणि एफ-२ दाबलं की कारखान्यातली मूळ सेटिंगं भरली जातात.

पण दिवाळीतच का? याचं उत्तर भिंतीवर होतं. काकांची शिस्त अशी की संध्याकाळी सातला निघताना संगणक बंद करून बोर्डाचं बटणही बंद. विजा, उंदीर, शॉर्ट सर्किट, वीजबिल, कारणं बरीच. शिस्त चांगलीच आहे, मीही नावं ठेवणार नाही. पण संगणक बंद असला आणि भिंतीवरचं बटण चालू असलं तर आतला पुरवठा घड्याळाला थोडी वीज देत राहतो, सेलला विश्रांती मिळते. बटणच बंद केलं की सगळा भार सेलवर. हिशेब करून पाहिला. आठवड्याचे १६८ तास. ऑफिस सहा दिवस, रोज ९ तास धरले तर ५४ तास विजेवर, उरलेले ११४ सेलवर. म्हणजे सुमारे ६८ टक्के. २०१९ च्या त्या पावतीवर एसएसडीच्या खाली ‘सेल’ अशी एक ओळ होती. जून २०१९ ते नोव्हेंबर २०२३, जवळपास साडेचार वर्षं. त्यातले ६८ टक्के म्हणजे तीन वर्षं. मदरबोर्डांच्या काही पुस्तिकांमध्ये वीज न लावलेल्या संगणकात सेल साधारण तीन वर्षं टिकतो असंच लिहिलेलं असतं. सेलने आपलं काम चोख केलं होतं. शेवटी शनिवार दुपार ते गुरुवार सकाळ असा सलग पाच दिवसांचा उपास घडला आणि त्याने मान टाकली. मी पेटी उघडली तेव्हा मात्र वीज पाच-सात मिनिटंच बंद होती, तेवढा दम त्याच्यात अजून होता. म्हणून तो इंग्रजी निरोप मला पुन्हा दिसला नाही.

आता शेवटचा दुवा. सेटिंगं मूळ झाली तर विंडोजने रडवं तोंड का करावं?

डिलीट दाबून बायोसमध्ये गेलो. साटा मोडसमोर, म्हणजे कंट्रोलरने कुठल्या पद्धतीने बोलायचं त्या सेटिंगसमोर, लिहिलं होतं: आयडीई, म्हणजे जुनी पद्धत. या बोर्डाचं कारखान्यातलं सेटिंग तेच. २०१९ मध्ये त्या कारागिराने एसएसडी बसवताना ते एएचसीआय, म्हणजे नवी पद्धत, केलं होतं. योग्यच केलं होतं, एसएसडीला तीच पद्धत मानवते. मग त्यावर विंडोज १० टाकली. विंडोज पहिल्यांदा बसते तेव्हा समोर जो कंट्रोलर असेल त्याचा ड्रायव्हर सुरुवातीलाच उठवायच्या यादीत ठेवते, बाकीचे निजवून ठेवते. चार वर्षांनी एका सकाळी कंट्रोलरने वेगळीच भाषा बोलायला सुरुवात केली आणि ती समजणारा ड्रायव्हर निजलेला. बायोस डिस्क वाचू शकत होती, म्हणून चिन्ह आलं, ठिपके फिरले, दुरुस्तीचा पडदाही उघडला. गाभ्याने कारभार घेतला आणि त्याला समोर अंधार दिसला. दुरुस्तीच्या पडद्याला आणि लिनक्सला डिस्क दिसली, कारण त्यांच्याकडे दोन्ही भाषांचे ड्रायव्हर हाताशी असतात आणि समोर जे असेल ते ते दर वेळी नव्याने ओळखतात.

हाच आजार जुन्या विंडोजमध्ये ‘७बी’ नावाने प्रसिद्ध होता. एक्सपीच्या काळात त्याने आम्हाला भरपूर पळवलंय.

दुरुस्ती सांगायला लाज वाटावी इतकी छोटी. पन्नास रुपयांच्या आसपासचा नवा सेल घातला. आधी तारीख आणि वेळ बरोबर केली. हे आधी, कारण २०१२ च्या तारखेवर विंडोज चालू झाली असती तरी ब्राउझरने जीएसटीचं पोर्टल उघडायला नकार दिला असता. संकेतस्थळाचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलं नसतं. काकांना दुसरा झटका नको होता. मग साटा मोड एएचसीआय, बूटच्या क्रमात एसएसडी पहिली, एफ-१० दाबून जतन. चिन्ह आलं, ठिपके फिरले, फिरत राहिले, आणि पासवर्डचा पडदा आला.

सेटिंग परत पूर्वीसारखं करता येत असेल तर हाच रस्ता. पण कधी कधी मूळ काय होतं ते कळत नाही, किंवा मुद्दाम आयडीईवरून एएचसीआयवर जायचं असतं. त्यासाठी विंडोज १० मध्ये एक युक्ती चालते: बीसीडीएडिट या आज्ञेने पुढची सुरुवात सेफ मोडमध्ये करायला सांगायचं, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदलायचा आणि एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्यायचं. तिथे विंडोज निजलेले ड्रायव्हरही उठवते आणि नव्या कंट्रोलरची नोंद करते. मग सेफ मोडची खूण काढून टाकायची. आणि ज्या संगणकावर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू आहे तिथे बायोसमध्ये काहीही हलवण्याआधी त्याची रिकव्हरी की हाताशी आहे ना ते बघा, नाहीतर ४८ आकडे शोधत बसाल.

याच सेलचा एक जुळा आजारही आहे, लक्षणं मात्र वेगळी. काही बोर्डांची मूळ सेटिंगं फक्त यूईएफआय ही सुरुवातीची नवी पद्धत चालू ठेवतात. डिस्क जुन्या एमबीआरची असेल तर विंडोजचं चिन्हसुद्धा येत नाही, काळ्या पडद्यावर ‘बूट डिव्हाइस नाही’ एवढंच येतं. तिथे गाडी पहिल्याच थांब्यावर अडकलेली असते.

खात्री करायला मी भिंतीवरचं बटण बंद करून संगणक रात्रभर तसाच ठेवायला सांगितला. शुक्रवारी सकाळी ताईंचा फोन आला, “चालू झाला, घड्याळपण बरोबर आहे.” विवरणपत्रं शनिवारी भरून झाली म्हणे. मी पावती लिहिली: सेल आणि येण्याचा आकार. काका पावतीकडे बघत राहिले. “एवढंच?” भाचा मात्र नाराज दिसला. आपण सकाळभर ज्या आज्ञा मारल्या त्यातली एकही कामाची नव्हती हे त्याला पचत नव्हतं. त्याला म्हटलं, मीही रॅम पुसलीच की.

निघताना कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवली: ‘सेल नोव्हें. २०२३. साटा एएचसीआय. बूट लेगसी.’ ऑफिसात दुसरा एक संगणक होता, त्याच वर्षी घेतलेला, त्याच बोर्डाचा. त्याचं घड्याळ बरोबर होतं. तरी मी त्याच्या बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले, मग त्याचाही सेल बदलला. जुना काढून मीटरवर धरला: २.६.